अकरा आणे

सेगेडमध्ये फेब्रुवारी. तिसा नदीवर बर्फाचे पापुद्रे
एकमेकांना ढकलत निघालेत,
आणि तळघरात इबोया काटा शून्यावर आणते.

उंदीर क्रमांक एकोणीस.
मंगळवारी प्रोफेसर केलेमेननी
त्याच्या यकृताचे अकरा आणे काढून घेतले,
पाच ठेवले, पोट शिवलं.

यकृताला पुढचं कुणी सांगावं लागत नाही.
कापलेला खंड काही परत उगवत नाही,
उरलेलाच जाडजूड होत जातो,
गेलेल्यांची कामं अंगावर घेतलेल्या
थोरल्या सुनेसारखा.
आठवड्यात वजन जुनं. आकार मात्र वेगळाच.

औषध न दिलेले: नऊ ग्रॅम, नऊ पूर्णांक दोन.
औषध दिलेले: सहा.
पुन्हा सहा.
ती पेन्सिलीनं लिहिते, शाई फ्रीजरच्या ओलीत पसरते म्हणून.

औषध म्हणजे एक गुलाबी गोळी, पाण्यात खललेली.
इबोया ती रंगावरून ओळखते.
तिचीच आहे. रोज सकाळी, कॉफीच्या आधी,
हातांची थरथर थांबावी म्हणून.
ती नसती तर चिमटा धरवला नसता,
शिरेला रेशमाची गाठ बसली नसती,
आणि गोळी काय करते
हेही कळलं नसतं.

थरथर सुरू झाली ती बार्नाबाश ट्रॉम्सोला गेला त्या साली.
मासळीच्या कारखान्यात आहे म्हणे.
नाताळला कार्ड यायचं, मग तेही थांबलं.

माझ्या भाषेत याच अवयवाला काळीज म्हणतात.
आम्ही ते केव्हाच छातीत, डावीकडे सरकवून ठेवलंय,
खरं तर ते उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला,
निमूट वाढत असतं.
पोटच्या पोराला त्याचाच तुकडा म्हणतात.
तिला हे कोण सांगणार? हंगेरियनमध्ये सांगायचं तरी कसं?

उंदरांचं उंदरांपाशी, केलेमेन म्हणतात,
माणसांचं अजून काही सिद्ध नाही.
ती मान हलवते. बाटल्या धुते.

बुधवारी सकाळी गोळी बशीत ठेवून
ती आधी कॉफी पिते.
कप बशीला किणकिणत राहतो, बराच वेळ,
दारावर कुणी हलक्या बोटांनी वाजवावं तसा.
ती ऐकते.

मग आठवतं, आज सहा उंदीर आहेत,
आणि गाठ सैल बसली तर ते टेबलावरच जातील.

गोळी गिळते.
मफलर. ट्राम क्रमांक एक. तळघराच्या सतरा पायऱ्या.
काट्यावर रिकामी वाटी.
आकडा हलतो, हलतो,
थांबतो.