तेलाच्या खुणा

डलुथमध्ये, सरोवराच्या उतारावर,
सेलेस्टीनच्या लॉन्ड्रीखालच्या तळघरात
आम्ही दर गुरुवारी एक डोंगर पोखरत होतो.
एकोणीस वर्षं.
वर ड्रायर घुमायचे, खाली आमच्यावर ड्रॅगन फुत्कारायचा,
आणि त्या फुत्काराला, खरं सांगते, साबणाचा वास यायचा.

पुस्तक तेच, दुसरी आवृत्ती,
शिवण उसवलेलं, चिकटपट्टीने बांधलेलं.
पान त्र्याण्णववर रॉस्कोच्या सॉसचा डाग,
नेमका विषाच्या तक्त्यावर.
त्याखालचं कुणालाच वाचता येत नव्हतं,
म्हणून विषाने आमच्यात कधीच कुणी मेलं नाही.

ऑर्व्हिल हापाला दीपवाहक होता.
म्हणजे खेळात. एरवी खनिजाच्या बोटींवर यंत्रांना वंगण घालायचा.
तलवार नाही, मंत्र नाही, हातात कंदील,
आणि नियम असा: दर सहा डावांना एक माप तेल.
कागदाच्या कडेला तो पेन्सिलीने खुणा करायचा,
चार उभ्या, पाचवी आडवी,
आणि भुयारात कुणी फुशारकी मारायला लागलं
की मान वर न करता म्हणायचा,
"तेल बघून बोला."

तो गेला मार्चमध्ये. सरोवर अजून गोठलेलं होतं.
आम्ही त्याचा कागद टेबलावर ठेवला, खुर्चीही ठेवली,
आणि आळीपाळीने त्याच्यासाठी फासा टाकत राहिलो.
त्याचे आकडे आमच्यापेक्षा बरे पडायचे.

मग तिसरी आवृत्ती आली.
जाडजूड, चकचकीत, नव्या बुटांसारखा वास.
ड्यूईने पदरचे साठ डॉलर घालून आणली.
कबूल करते, चित्रं सुंदर होती.
लढाई सुटसुटीत, बेरजा कमी.
जे कळायला मला दोन हिवाळे लागले
ते त्याच्या तेरा वर्षांच्या वाइनोनाला एका संध्याकाळी कळलं.
"नवी माणसं येतील," ड्यूई म्हणाला,
"आपण किती उरलोय ते मोजा एकदा."
चूक नव्हता तो.

पण पान चाळीसवर, चौकटीत, बारीक अक्षरात:
प्रकाश आता सर्वांना, अमर्याद.
दीपवाहक हा वर्ग रद्द.

रॉस्कोने ओळ दोनदा वाचली. चष्मा काढला.
"मग ऑर्व्हिलचं काय करायचं?"
"योद्धा करू त्याला. मागे तक्ता आहे रूपांतराचा."
"तो योद्धा नव्हता."
"तो कागद आहे, रॉस्को."

वरचा ड्रायर तेवढ्यात थांबला.
काही वार फासा न टाकताच लागतात.

वाटणी झाली. भांडण झालं असतं तर बरं.
"नकाशा तू ठेव." "नको, तूच ठेव."
शिशाचा ड्रॅगन सेलेस्टीनने कपाटात घातला, किल्ली फिरवली.
एकाच तळघरात दोन चुली:
मंगळवारी ते, गुरुवारी आम्ही तिघं.
दोन्ही टोळ्या एकाच दाराशी थांबलेल्या.
आम्ही उघडलं तर पलीकडे जिना, खाली जाणारा.
वाइनोना सांगत होती, त्यांच्याकडे समुद्र निघाला.

मंगळवारी हसणं वरपर्यंत ऐकू येतं.
मी कपडे धुवायला मंगळवारीच जाते.
रॉस्कोला हे माहीत नाही.

परवा उचलपुलापाशी गाड्या अडल्या.
खनिजाची बोट जात होती, सावकाश, भोंगा देत.
शेजारच्या गाडीत ड्यूई. त्याने काच खाली केली.
वारा असा, की शब्द दातांवर आपटत होते.
पोरीच्या दातांच्या तारेबद्दल बोलला,
रस्त्यावरच्या मिठाने गाडी कशी गंजते त्याबद्दल बोलला.
पूल खाली यायला लागला.
इंजिन सुरू करता करता, समोर बघत, त्याने विचारलं,
"तेल किती उरलंय त्याचं?"

पाठ होतं, तरी मी बोटांवर मोजल्यासारखं केलं.
"सात मापं."
"जपून वापरा," तो म्हणाला,
आणि मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला.