याहून हळू

हातिमभाईंनी काउंटरवरून फडकं फिरवलं
आणि चार यंत्रं रांगेत उभी केली,
शाळेच्या फोटोत पोरं उभी करतात तशी.
"घरात पिणारे किती?"
दोन, मी म्हटलं.
"एका वेळी?"
इथे सुगतनं माझ्याकडे पाहिलं.

एका वेळी म्हणजे साडेसात ते सात पन्नास.
चाकणहून कंपनीची बस त्याला
विश्रांतवाडीच्या चौकात सोडते, तोवर माझा डबा भरून झालेला असतो
आणि तिकडे घोले रोडच्या लॅबमध्ये
उपाशीपोटी आलेली माणसं
बाही वर करून बसलेली असतात.
त्याची रात्र संपते, माझा दिवस लागतो,
मधे हा वीस मिनिटांचा बोळ.
कॉफीनं त्याची झोप उडत नाही. तेवढा दमलेला असतो.

"पंधरा बार प्रेशर," हातिमभाई म्हणाले,
आणि सुगत हसला, रात्रपाळीचं, नुसत्या डोळ्यांच्या कडेनं.
"आमचा प्रेस दोनशेवर चालतो, भाई.
त्यातून गाड्यांचे दरवाजे निघतात."
तरी त्यानं वाकून हँडल फिरवून पाहिलं,
सांध्यावर अंगठा फिरवला,
वॉशर कुठे मिळतात ते विचारलं.
यंत्र विकत घेणाऱ्याचे नव्हेत ते हात,
यंत्र बंद पडल्यावर ज्याला हाक मारतात त्याचे.

दुसऱ्याला कुपी लागते.
एक कुपी, एक कप, की कुपी कचऱ्यात.
एक सुई, एक माणूस, की सुई डब्यात,
हे मी दिवसभर करते. घरी तरी नको.

तिसरं बिया दळतं. हातिमभाईंनी दळून दाखवलं.
आमच्या भिंतीपलीकडे केंगारांचं पाच आठवड्यांचं बाळ.
मी नको म्हटलं,
तर माझं नकोसुद्धा त्यातच दळलं गेलं.

"मग हे घ्या. बटन दाबा, तीस सेकंद.
वेळ वाचतो, मॅडम."

तीस सेकंद.
वीस मिनिटांतून वजा जाता उरली साडेएकोणीस.
त्यात तो मोबाईल उघडेल. मी वेणी घालेन.
वाचलेला वेळ ठेवायला
आमच्या दोन खोल्यांत फडताळ नाही.

"याहून हळू काही आहे का?"

हातिमभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
मग स्टुलावर चढून
वरच्या फळीवरचा खोका काढला, फुंकर मारली.
आत एक अष्टकोनी भांडं, कमरेत आवळलेलं.
खाली पाणी, मधे पूड, वर काहीच नाही.
बारीक गॅसवर ठेवायचं आणि उभं राहायचं.
"गुरुवारी लाईट जाते आमच्याकडे."
"याला काय त्याचं?"
"पूड दाबून भरायची ना?" सुगतनं विचारलं.
"छे! भरायची, पण दाबायची नाही."
तिथेच ठरलं.
आठ तास दाबून आलेल्या माणसाला
हे एक वाक्य पुरलं.

पहिल्या दिवशी चार मिनिटं काहीच झालं नाही.
तो ओट्याला टेकून मोजे काढत होता.
म्हणाला, लाइनवर नवीन पोरगा आलाय, उस्मानाबादकडचा,
प्रेस खाली आला की दर वेळी डोळे मिटतो.
मी म्हटलं, काल एक हवालदार
सुई बघूनच आडवा झाला, टोपीसकट.
तो मोठ्यानं हसला, आणि भिंतीकडे बघून गप्प झाला.
मग भांडं गुरगुरायला लागलं.
"बंद कर," तो म्हणाला.
मी हवालदाराचं पुढचं सांगत होते.

कॉफी जरा करपली होती.
उपाशी माणसांना त्या दिवशी
दहा मिनिटं जास्त थांबावं लागलं.
सुगतनं कप विसळला, भांड्याची कमर उलगडून
आतलं रबर नखानं दाबून पाहिलं.
"वर्षभर जाईल," म्हणाला,
आणि पडदा ओढून झोपायला गेला.