राहीलेली

'कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसा जे' –
हे बाबांचं वाक्य नव्हे.
बाबा 'ऐसा' म्हणत नसत, 'सबब' तर नाहीच.
चहा गार झाला की न बोलता कप सरकवायचे.
शिवाजीनगर कोर्टाच्या गेटापाशी छत्रीखाली बसणाऱ्या
कुणा टायपिस्टाचं वाक्य ते,
दिवसाकाठी पाच-सहा माणसांच्या तोंडी तो घालतो.

खिलारे वकीलबाई बोट ठेवून वाचतात:
अक्कलहुशारीने, राजीखुशीने, कोणतेही नशापाणी न करता.
सुहास हसला. मीही.
धनकवडीच्या आमच्या दोन खोल्यांत
खोकल्याच्या औषधाचा वाससुद्धा बाबांना खपत नसे.
"छापील असतं हो," बाई म्हणाल्या.
"नाहीतर उद्या कोणीही उठून म्हणेल, शुद्धीत नव्हते."

शुद्धीत.
एकतीस वर्षं शनिवार पेठेतल्या छापखान्यात
ज्यांनी मुद्रितं तपासली,
बारशाच्या आमंत्रणापासून पतपेढीच्या अहवालापर्यंत,
आणि घरी येताना बसच्या पाटीवरचा अनुस्वार चुकला
म्हणून ज्यांना जेवण गेलं नाही, ते.

पहिल्याच पानावर निळी शाई.
टायपिस्टाने 'मृत्यूपत्र' केलं होतं.
बाबांनी ते कापून वर ऱ्हस्व त्यु लिहिला
आणि समासात सही केली: दि. रा. ओतारी.
सातवीत असताना त्यांनीच मला शिकवलं होतं,
मृत्यू एकटा असला की दीर्घ,
समासात आला की ऱ्हस्व.
तेव्हा मी फक्त पाठ केलं.

चतुःसीमा येणेप्रमाणे.
पूर्वेस जिना, दक्षिणेस सदनिका क्रमांक सात,
पश्चिमेस सोसायटीची सामाईक भिंत,
उत्तरेस मोकळी जागा.
(तिथे आता चौदा मजले आहेत.
बाबांच्या कागदात ती अजून मोकळीच आहे,
वाळत घातलेल्या चादरीसकट.)

सदरहू सदनिका सुहासला.
त्यात माझी तहहयात वहिवाट.
"तहहयात म्हणजे?"
"तुम्ही आहात तोवर राहायचं. विकता येणार नाही,
कुणाला देता येणार नाही."
म्हणजे आजवर केलं तेच.
फक्त आता त्याला फारसी नाव मिळालं.
सुहास खिडकीबाहेर बघत होता. त्याची काही चूक नाही.

कलम सात बाई भरभर वाचून गेल्या,
सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतं म्हणे.
मी घरी येऊन पुन्हा काढलं,
बाबांच्या टेबलदिव्याखाली, त्यांच्याच भिंगातून.
'याखेरीज वर नमूद करण्याची नजरचुकीने राहीलेली
अन्य कोणतीही मिळकत
माझी मुलगी कु. शैला हिला मिळावी.'
त्यातलं 'कु.' त्यांनी कापलंय.
बावन्न वर्षांच्या बाईच्या नावामागचं ते एक अक्षर,
जे रेशनकार्डावर, पासबुकात, शाळेच्या हजेरीपटावर
मी निमूट वागवलं.
समोर समासात सही. जरा थरथरलेली.

पण 'राहीलेली'?
'हि' ऱ्हस्व हवी, हे चौथीतलं पोर सांगेल.
त्याच ओळीवरून त्यांची नजर गेली,
तिथून तीन शब्दांवर 'मिळकत'च्या टायपिंगमध्ये
पुसट झालेला काना त्यांनी शाईने गिरवलाय,
आणि ही दीर्घ वेलांटी तशीच.

आणि मिळकत तरी कसली?
कपाटावर एक सायकलपंप आहे.
खिळ्यांचा डबा. कुणीच न्यायला न आलेली,
तपासून झालेली चाळीस-एक मुद्रितं.
आणि ही, लग्नावाचून, बदलीवाचून,
या घरात राहिलेली.

भिंग मी दोनदा पुसलं.
लाल पेन दिव्याशेजारीच होतं, टोपण काढून पाहिलं,
अजून उमटतं.
मग टोपण लावून ठेवलं.
सहीवाचून दुरुस्ती धरत नाहीत,
खिलारेबाईंनी सांगितलंय,
आणि सही करणारा आता
सुटा आहे, दीर्घ आहे.