सोपी पातळी

कोट्काच्या वाचनालयात दर गुरुवारी
आम्हा म्हाताऱ्यांना खेळायला शिकवतात.
कॉफी फुकट, वेलची घातलेला गोड पाव फुकट,
आणि योन्ने नावाचा पोरगा
माझ्याशी इतकं सावकाश बोलतो
की त्याचं वाक्य संपेपर्यंत
त्याच्या दाढीतले केस मोजून होतात.

"तैमी, हे बटण. हं. आता हे. शाब्बास!"

पडद्यावर वरून ठोकळे येतात.
फिरवायचे, फटीत बसवायचे,
ओळ भरली की ओळ गायब.
मला त्यानं सोपी पातळी लावून दिली:
एक ठोकळा खाली पोचेस्तोवर
उर्होशी माझं एक भांडण पुरं होतं.

उर्हो खेळत नाही.
कोट न काढता खिडकीशी बसतो.
म्हणतो, वेळ घालवायचे धंदे हे,
घालवायला वेळ आहे कुणाकडे?
आणि पावाचा तिसरा तुकडा उचलतो.

योन्नेला मी सांगितलं नाही
की एकतीस वर्षं मी बंदरात क्रेन चालवली.
चाळीस मीटरवर, काचेच्या खोलीत, एकटी.
उणे बावीस, दोर झोके घेतोय,
आणि खाली काडेपेटीएवढं जहाज;
त्यात पेटीवर पेटी, पेटीला लागून पेटी.
तिथे ओळ भरली तर गायब होत नसे.
हॅम्बुर्गला जात असे.

तिथे चुकलं तर खाली माणूस असायचा.
इथे चुकलं की बदकासारखा आवाज येतो
आणि पडदा विचारतो: पुन्हा?
इतक्या नम्रपणे
मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

उजवा हात थरथरतो हल्ली.
एकदा दाबायला जावं तर दोनदा दाबलं जातं,
ठोकळा पाठ फिरवून उभा.
पहिले दोन गुरुवार चिडले.
मग आठवलं, वाऱ्याचंही असंच होतं.
झोक्याशी भांडायचं नाही.
तो जातो, परत येतो,
मधे एक क्षण सगळं सरळ लोंबतं.
तेवढ्यात सोडायचं.

योन्ने कॉफी आणायला गेला तेव्हा
मी पातळी बदलली. सातवी.

ठोकळे गारांसारखे यायला लागले.
मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं,
ओल्या लोकरीचा वास.
"डावीकडे," उर्हो म्हणाला.
"अगं डावीकडे, डावीकडे!"

ऐकलं नाही.
धक्क्यावर खाली उभा राहून
तो दोन्ही हात हलवायचा,
तेव्हाही कुठे ऐकत होते.