चौदावा थांबा

पडद्यावर बोगोता म्हणजे एक जाळं:
अकरा हजार गाठी, त्यांच्यामधले धागे,
प्रत्येक धाग्याला लांबी, रुंदी, वेगाची मर्यादा.
गाड्या म्हणजे ठिपके.
ठिपक्यांना भूक लागत नाही, ते हॉर्न वाजवत नाहीत,
पुढच्या ठिपक्यापासून ठरलेलं अंतर राखतात
आणि सिग्नल हिरवा झाला की
एकही जांभई न देता निघतात.

मी त्यांची आई.
निदान अहवालाखाली सही तरी माझीच आहे: यामिले.

महापालिकेला एवढंच हवंय,
मालाचे ट्रक सकाळी सहाच्या आत येऊन गेले
तर बाकीचं शहर किती लवकर कामाला लागेल.
मी कळ दाबते. अख्खा दिवस चार मिनिटांत सरतो.
लाल धागे पिवळे होतात, पिवळे हिरवे.
फक्त आजच्या नोंदींत एक ठिपका अडून बसलेला:
मार्ग सात, थांबा चौदा,
एक क्रेट दूध, एक ट्रे अंडी,
एकतीस मिनिटं.

आमच्या शास्त्रात याला शेपूट म्हणतात.
शेपूट छाटायची रीत आहे, तीन ओळींत होतं काम.
आर्बेलाएस म्हणाला, छाट.
मी गुरुवारी ट्रकमध्ये जाऊन बसले.

एलिएसेर चालवतो, विल्मार क्रेट उचलतो,
मी दोघांच्या मधे, गिअरच्या दांड्यापासून गुडघे चोरून.
दक्षिणेच्या डोंगरावर रस्ता असा चढतो
की थांबलं की आधी चाकाखाली दगड, मग हँडब्रेक.
थर्मासमधून गुळाचं कढत पाणी.
विल्मारच्या रुआन्याला ओल्या मेंढीचा वास.

चौदावा थांबा: दोन्या ब्रिसेइदाचं दुकान,
लोखंडी जाळीमागे एक बल्ब, एक तराजू, एक मांजर.
माल उतरला नव्वद सेकंदांत. घड्याळ लावून मोजलं मी.
उरली साडेएकोणतीस मिनिटं.

गल्ल्यात अकरा हजार पेसो कमी होते.
कंपनीला रोख हवी; नाहीतर माल परत गाडीत.
उधारीची वही कधीच बंद झाली आहे.
म्हणून एलिएसेर उधार देतो तो वेळ.

तो काउंटरला टेकून उभा राहिला,
मी वही उघडली आणि मिटली.
रात्रपाळी संपवून एक परिचारिका आली: दोन पिशव्या दूध.
मग बराच वेळ मांजर.
मग एक पोरगा, बुटांच्या नाड्या सुटलेल्या: दोन अंडी.
दोन्या ब्रिसेइदाने बोट ओलं करून नोटा मोजल्या,
चारशे वर निघाले, ते तिने पोलक्यात ठेवले.

पाठीमागे तोवर अकरा गाड्या. त्यांतही माणसंच होती.
बसमधून उतरून एक शिक्षिका चढावर चालू लागली
आणि आमच्या दारावर मूठ आपटून गेली.
तिचं काय चुकलं?
एलिएसेरने काच खाली केली, काही बोलला नाही, वर केली.

ऑफिसात परतून मी नवा नियम लिहिला:
ठिपका वेळ झाली म्हणून हलणार नाही,
गल्ला भरला की हलेल.
मग ट्रक पहाटे पाचला सोडले.

धागे हिरवे झाले, सगळेच, सुरेख.
आणि त्या डोंगरावर पाचला कोणी जागं नव्हतं.
परिचारिका अजून वॉर्डात, पोरगा अंथरुणात.
चौदाव्या थांब्यावरून दूध उतरलं, पुन्हा चढलं.
पंधराव्यावरही. एकोणिसाव्यावरही.
हिरव्या रस्त्यांवरून भरलेले ट्रक भराभर परतत होते.

मंगळवारी बैठक आहे.
आर्बेलाएस माझ्या खांद्यावरून पडदा वाचतो,
नियमाच्या नावावर बोट ठेवतो.
ब्रिसेइदा, म्हणतो, ही कुठली गल्ली?