लाल आकडा

एकवीस वर्षं मी वाचतोच आहे.
हुडकेश्वर, मानेवाडा, दिघोरी, परत हुडकेश्वर.
जिन्याखाली, न्हाणीच्या भिंतीवर,
कुत्र्याच्या साखळीच्या टप्प्यात,
जिथे मीटर तिथे मी, बॅटरी दातात धरून.
काळे आकडे घ्यायचे, शेवटचा लाल सोडायचा,
गभणे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
तो दशांश. त्याचं बिल होत नाही.

पुस्तक म्हणाल तर ते सातवीतच सुटलं.
ठोंबरे मास्तरांनी धडा वाचायला उभं केलं,
'क्षितिज'पाशी मी अडलो,
क्षि, क्षि, क्षि,
आणि मागचा बाक शिंकल्यासारखा हसला.
अजूनही कोणी 'वाच' म्हटलं
की आधी कान तापतात.

पौनीकरांच्या घरी मीटरसमोर पुस्तकांची थप्पी,
छातीपर्यंत.
दर महिन्याला उचलायची, आकडा घ्यायचा, परत रचायची,
सिलिंडर सरकवावा तशी.
बारा वर्षांत एकाही पुस्तकाचं नाव पाहिलं नाही.

त्या मे महिन्यात लाईट गेलेली,
कूलर बंद, खसाचा ओला वास तेवढा उरलेला.
"बसा ना जी बोरकुटे, एवढ्या तपनात कुठं जाता?"
तिसऱ्या पायरीवर बसलो.
मोबाईलची बॅटरी संपलेली, म्हणून
थप्पीतलं वरचं उचललं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं.
मधूनच उघडलं:
एक माणूस घाटावर नावेची वाट बघतोय.
चार पानं झाली, नाव काही येईना.
मला राग आला.
मग मी पाचवं पान उलटलं.

बोट ओळीखाली, ओठ हलताहेत,
शर्ट पाठीला चिकटलेला.
लाईट कधी आली, कूलर कधी घरघरला,
उठायचं राहूनच गेलं.

पौनीकर छापखान्यात जुळारी होते.
म्हणाले, "चाळीस वर्षं उलटं वाचलं जी मी.
खिळे उलटेच असतात ना.
चूक हाय का तेवढं पाहाचं,
म्हणते काय, ते पाहाले टाइम कोणाले?
रिटायर झालो अन् सुलटं वाचाले बसलो, तं
पहिल्याच दिवशी रडलो ना बाप्पा."
आणि थंड ताकाचा गिलास पुढे केला.

सोपं नव्हतं.
रात्री अर्ध्या पानावर डोळे मिटायचे.
झाडाडोंगरांचं वर्णन आलं की मी उडी मारायचो,
मग कोण कोणाचा मामा ते कळायचं नाही,
परत मागे.
रंजना म्हणायची, "कशाचा हिशोब लावून राहिले?"
एक जाडजूड पुस्तक अर्ध्यात टाकलं
आणि चोरासारखं परत नेलं.
पौनीकर हसले, "सोडा ना.
पुस्तक काय तुमच्या ऑफिसात तक्रार करते?"

माघात एका संध्याकाळी, गच्चीवर, उजेड संपता संपता
एका ओळीच्या शेवटी तो शब्द उभा होता.
क्षितिज.
तीनदा म्हटला. मोठ्याने.
खालून रंजनाने विचारलं, "काय झालं?"
काही नाही, म्हटलं.
समोर तर फक्त पाण्याच्या टाक्या होत्या
आणि त्यांच्यामागे शहर तांबडं होत चाललेलं.

आता आमच्या भागात नवीन मीटर आलेत.
आपले आकडे आपणच पाठवतात.
मला तक्रारीच्या खिडकीत बसवलंय.
पौनीकरांकडे जिन्याखाली भिंतीवर
जुन्या मीटरचा चौकोन उरलाय, फिका,
थप्पी मात्र आहे तिथेच.
महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जातो.
सवयीने दारातून ओरडतो, "रीडिंग!"
आतून आवाज येतो, "या."

तो लाल आकडा आठवतो.
सगळ्यांत तोच जोरात फिरायचा,
घरात कोण जागं आहे, त्याला आधी कळायचं,
आणि एकवीस वर्षं मी
त्याच्यावर अंगठा ठेवून पुढे गेलो.

नावेचं पुस्तक अजून संपवलेलं नाही.
शेवटची काही पानं मुद्दाम राखून ठेवलीत.
रंजना दिवा मालवता मालवता विचारते,
"किती झालं?"
आणि मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच,
आकडा सांगता येत नाही.