लेबलामागे

पेनिशमध्ये बोटी कधी येतील
ते बोटींनाही ठाऊक नसतं.
भोंगा झाला की आम्ही सोळाजणी निघायचो,
पहाटेचे तीन असोत, नाहीतर तव्यावर अंडं असो.

सार्डिनचं डोकं अंगठ्यानं मोडायचं,
आतडी ओढायची,
डब्यात पाच, उलटसुलट,
एका खाटेवर निजलेल्या भावंडांसारखी.
एकोणीस वर्षं. उभ्यानं.

ईवोन गेली फेब्रुवारीत.
मातोझिन्योशला तासामागे सत्तर सेंट जास्त,
आणि हातमोजे दर सोमवारी नवे.
जाताना तिनं चिठ्ठीवर तिथल्या मुकादमबाईचा नंबर दिला.
"तुझं नाव सांगून ठेवलंय. फार विचार करू नकोस,
विचार केला की गुडघे दुखतात."

मी विचार केला.
आई खालच्या गल्लीत राहते,
माझ्या पावलांवरून तिला किती वाजले ते कळतं.
आणि खरं सांगू,
मला हा कारखाना सोडायचा नव्हता,
मला हे गार पाणी सोडायचं होतं.

मग एका लेबलामागे लिहिलं:
कोमट पाणी.
बसायला स्टूल.
भोंग्याआधी तासभर निरोप.
चौथं खोडलं. पैशांचं होतं.
खोडलेलं पुन्हा वर लिहिलं, बारीक अक्षरात.

सेन्योर तेलेस तसा चांगला माणूस.
चष्मा पुसला, लेबल हातात घेतलं,
आधी छापलेला मासा पाहिला, मग यादी.
"देओलिंदा, तुझी आई इथलीच, तू इथलीच.
या कारखान्याचं मीठ खाल्लंयस."

हो. मिठाला जागावं माणसानं.
पण मीठही जागतं ना, साहेब,
रात्रभर, बोटांच्या भेगांत.

हे मी बोलले की नुसतं मनात आलं
ते आता आठवत नाही.
बाकीच्या पंधराजणी दाराबाहेर उभ्या होत्या,
त्यांच्या एप्रनचं पाणी दाराखालून आत येत होतं.
तेलेसनं ते पाहिलं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती.
काढली नाही. तिच्यावर फक्त हात ठेवला,
उकळीवर झाकण ठेवतो तसा, फट ठेवून.

स्टुलं आली. सोळा.
पाण्याचं उन्हाळ्यानंतर बघू म्हणाला.
निरोप येतो, अर्धा तास आधी.
पैशांबद्दल तो गप्प. मीही, इतक्यात.

ईवोन रविवारी फोन करते.
तिकडे पाणी कोमट आहे म्हणते,
पण शेजारी उभी असते तिचं नाव
तिला अजून नीट उच्चारता येत नाही.

स्टूल जरा उंच आहे.
चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पाय हलवत बसते
शाळेच्या बाकावर बसल्यासारखी.
रोझालिया म्हणते, पुढच्या वेळी पायाखाली खोका माग.
पुढच्या वेळी!
आमच्या हॉलमध्ये हे शब्द नवे आहेत.

चिठ्ठी मासळीच्या तेलानं आरपार दिसू लागलीय.
शेवटचा आकडा पुसला.
सात होता.
पाठ आहे.